मला सही करता येते

माझी चौथी झालेली आहे. गावात शाळा तेवढीच होती. पुढच्या शाळेला ओढा ओलांडून जावं लागायचं म्हणून वडिलांनी घरी बसवलं. पण अक्षर चांगलं होतं. लग्न झालं तेव्हा मालक फौजेत होते, कधी बर्फात तर कधी वाळवंटात, आणि मी त्यांना आठवड्याला एक पत्र लिहायची. समोरासमोर बोलायला मला जमत नसे, कागदावर जमायचं. पुढे मोबाइल आले आणि लिहिणं सुटलं.

मालकांची शेवटची पोस्टिंग चंडीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीत झाली. तिथूनच ते रिटायर झाले. मुलीची शाळा मध्येच तोडायला नको म्हणून सातारा जिल्ह्यात परत न जाता आम्ही चंडीगडलाच राहिलो. बावीस सेक्टरात गच्चीवरची एक खोली घेतली. मालक त्रेचाळीस सेक्टरच्या बसस्टँडवर पार्किंग सांभाळतात. मी एका कोचिंगच्या इमारतीत साफसफाईच्या कामाला लागले. इमारत कोचिंगची, पण आम्ही बारा बायका ठेकेदाराच्या, आणि ठेकेदाराचा माणूस म्हणजे सुपरवायझर.

सुपरवायझर तळघरातल्या स्टोअरमध्ये टेबल मांडून बसायचा. रोज सकाळी साडेसहाला फिनाइल, साबण, पोछा, हातमोजे त्याच्याकडून घ्यायचे आणि रजिस्टरवर अंगठा द्यायचा. हजेरी तीच. बाकीच्यांनी बाहेर रांगेत थांबायचं आणि आत एकीनेच जायचं. "एक-एक करके आओ, भीड़ मत लगाओ," असं तो आतून ओरडायचा. दाराला वर स्प्रिंग होती. बाई आत गेली की दार आपोआप लागायचं.

पहिल्या दिवशी मी आत गेले तर त्याने काही न विचारता माझा हात धरला. अंगठा शाईच्या पॅडवर दाबला, मग रजिस्टरवर दाबला आणि थोडा वेळ तसाच दाबून ठेवला. मला सांगायचं होतं की मला सही येते. तोंडाशी आलं होतं. पण मी अशी की भाजीवाल्याला भाव विचारायचा तरी आधी मनात दोनदा म्हणून बघते. त्यात हिंदीतून बोलायचं. वाक्य जुळवेपर्यंत अंगठा उमटला होता. दुसऱ्या दिवशी सांगावं तर काल का नाही सांगितलं, असं म्हणेल. तिसऱ्या दिवशी तर रजिस्टरात माझ्या नावापुढे दोन अंगठे होते.

सही करणाऱ्या बाईच्या हातात पेन दिलं जातं. अंगठा देणारीचा हातच धरला जातो. हे मला त्या आठवड्यातच कळलं.

रांगेत माझ्या पुढे पिंजौरची बाई असायची. पहिल्या बसने यायची, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, नवरा नाही, तोंडाने फटकळ. तिने मला पहिल्या आठवड्यात बाजूला घेतलं.

"दीदी, चुन्नी यहाँ पिन करो. और बाल्टी हमेशा आगे रखो, पेट के सामने. ऐसे."

"क्यों?"

"क्यों पूछती है!" ती बाकीच्या बायकांकडे बघून म्हणाली आणि सगळ्या हसल्या. त्या हसण्यात मजा नव्हती. दुसऱ्या आठवड्यात मीही पिन लावायला लागले.

पिंजौरवालीने आणखी एक युक्ती केली होती. बावीस सेक्टरच्या बाजारातून तिने स्वतःचं शाईचं पॅड आणलं होतं, रबरी शिक्क्यांसाठी असतं ते, गोल डबीतलं. ते डब्याच्या पिशवीत ठेवायची आणि रांगेत उभी असतानाच अंगठा निळा करून आत जायची, म्हणजे त्याने हात धरायला कारणच नको. पहिल्या दिवशी आतून त्याचा आवाज आला, "आज बड़ी तैयारी से आई है! ब्याह है क्या?" आणि मग, "ये तो सूख गया. ला, दोबारा लगा." ती बाहेर आली तेव्हा अंगठ्यावर दोनदा लावलेली शाई मनगटापर्यंत फासलेली होती. तरी तिने पॅड आणायचं सोडलं नाही.

आमच्यात एक वयस्क बाई होती. ती म्हणायची, "पिछला वाला इससे बुरा था. ये फिर भी इंसान है." त्या वेळी मला ते समजुतीचं वाटायचं. आता वाटतं, एकामागून एक असे किती सुपरवायझर या वाक्यावर नोकरी करून गेले असतील.

कारण सगळंच त्याच्या हातात होतं. कुणाला कुठला मजला द्यायचा हे तोच ठरवायचा. जी बाई त्याच्यापासून अंग चोरायची तिला चौथ्या मजल्यावरचे मुलांचे संडास मिळायचे, आणि दिवाळीची सुट्टी तिची सोडून सगळ्यांची मंजूर व्हायची. तक्रारीची पेटी होती, तीही तळघरात स्टोअरच्या दाराशेजारी टांगलेली, आणि तिची किल्ली त्याच्याच जुडग्यात. वर ऑफिसात काही सांगायला जावं तर तिथले लोक म्हणत, तुम्ही ठेकेदाराच्या, त्याला सांगा. ठेकेदाराला फोन करावा तर तो म्हणे, मी सुपरवायझर कशाला ठेवलाय, त्याला सांगा.

वर्षाच्या शेवटी एक कागद यायचा. हिंदीत छापलेला, खाली आमची बारा नावं. सुपरवायझर वरच्या मजकुरावर पंजा ठेवायचा आणि अंगठा घ्यायचा. बाकीच्यांना वाटायचं पगाराचं काही असेल. मला हिंदी वाचता येते, अक्षरं तीच की. त्याच्या बोटांमधून मी वाचलं. लिहिलं होतं, आम्हाला स्त्रियांच्या सुरक्षेची माहिती दिली आहे, आमची कुणाविरुद्ध काही तक्रार नाही. वाचून मी काय केलं? अंगठा दिला. घरी येऊन कणीक मळताना ते वाक्य आठवत राहिलं आणि मी हात पुन्हा पुन्हा धुतले.

दुसऱ्या हिवाळ्यात ती सकाळ आली. जानेवारीतलं धुकं इतकं दाट होतं की समोरचा सिग्नल दिसत नव्हता. पिंजौरकडच्या बसेस उशिरा होत्या, बाकीच्याही आल्या नव्हत्या. रांगेत मी एकटी होते. परत जावं असं वाटलं, पण हजेरी बुडाली असती. मी बाल्टी पोटासमोर धरून आत गेले.

माझ्या पाठीमागे दार लागलं आणि त्याने टेबलाला वळसा घालून कडी घातली. मग माझा अंगठा पॅडवर दाबला आणि सोडला नाही. दुसरा हात माझ्या स्वेटरच्या आत घातला. म्हणाला, "ठंड है. शोर मत करना, नाम तेरा ही खराब होगा."

मी ओरडले नाही. माझ्या गळ्यातून आवाजच निघाला नाही, आणि हे मी इथे तसंच लिहिते, कारण नंतर मला ते खूप जणांनी विचारलं. माझा मोकळा हात टेबलावरच्या फिनाइलच्या उघड्या कॅनला लागला आणि मी तो खाली ढकलला. सगळं फिनाइल त्याच्या बुटांवर सांडलं. तो मागे सरला तेवढ्यात मी कडी काढली.

त्या दिवशी मी माझ्याकडचे तिन्ही मजले पुसले. अंगठा निळा होता आणि अंगाला फिनाइलचा वास येत होता. दुसऱ्या दिवसापासून माझी ड्युटी चौथ्या मजल्यावर लागली.

चौथ्या मजल्याच्या जिन्यात, शिक्षकांच्या खोलीबाहेर, काचेच्या चौकटीत एक इंग्रजी बोर्ड आहे. त्यावर एका बाईचं चित्र आहे, हात पुढे करून थांबवणारी. ती काच पुसणं आता माझ्याकडे आलं. तीन-चार दिवस मी नुसतीच पुसली. मग एकदा आजूबाजूला कुणी नाही बघून मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि घरी मुलीला विचारलं, हे काय लिहिलंय.

मुलगी बारावीला आहे. तिला मराठी सगळी समजते, पण बोलते हिंदीत. ती वाचायला लागली. "आई, ये कमिटी का बोर्ड है. कोई तंग करे तो इनको लिखकर देना है. इस जगह काम करने वाली कोई भी औरत. तीन महीने के अंदर." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझे क्यों चाहिए?"

मी म्हणाले, असंच. एका बाईला पाहिजे.

इमारतीत काम करणारी कुणीही बाई, असं तिथे लिहिलेलं होतं. त्यात ठेकेदाराची वगळून असं काही नव्हतं. मुलीकडून ती ओळ मी पुन्हा वाचून घेतली.

मग मी मुलीच्या जुन्या वहीतली कोरी पानं काढली आणि चार दुपारी बसून लिहिलं. कामावरून दोनला यायची, मालक आणि मुलगी पाचपर्यंत यायचे नाहीत. पहिल्या दिवशी एवढंच लिहून झालं की मी अमुक इमारतीत काम करते. दुसऱ्या दिवशी रजिस्टर आणि अंगठा. "स्वेटरच्या आत" हे शब्द लिहायला मला दोन दिवस लागले. पण ते गाळले असते तर बाकीचं लिहून उपयोग नव्हता. पुढे त्यांनी विचारलं असतं, मग नक्की केलं काय त्याने?

अर्ज मराठीत झाला. तिथे तो कोण वाचणार? हिंदी मला समजते, पण लिहायला बसले की मराठीच येते. मुलीशिवाय दुसरं कुणी नव्हतं. रविवारी मालक कामावर गेल्यावर मी पानं तिच्यासमोर ठेवली. म्हटलं, हे हिंदीत करून दे.

मी एक गोष्ट विसरले होते. तिला मराठी कानाने समजते, डोळ्यांनी नाही. अक्षरं ओळखते, पण मोठ्याने वाचून कानावर पडल्याशिवाय तिला अर्थ लागत नाही. तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मी ओट्यापाशी उभी होते. माझी वाक्यं माझ्या मुलीच्या आवाजात, एकेक शब्द अडखळत, त्या एवढ्याशा खोलीत ऐकू यायला लागली. मला वाटलं कागद ओढून घ्यावा. मी ओट्याची कड धरून उभी राहिले. कडीपर्यंत ती आली आणि तिचा आवाज बारीक झाला, पण थांबली नाही. शेवटपर्यंत वाचलं.

मग तिने पानं उलटी करून ठेवली. नंतर म्हणाली, "आई, ये एक बाई नहीं है. ये तू है." आणि त्यानंतर, कधी नव्हे ते मराठीत, "तू रोज जातेस तिथे?"

"जाते."

"उद्या?"

"उद्यापण जाणार. अर्ज तिथेच द्यायचाय."

तिने डोळे पुसले आणि पेन घेतलं. एका ठिकाणी ती म्हणाली, इथे नुसतं "बदतमीज़ी की" लिहू या का? मी म्हटलं, नाही. जे लिहिलंय तेच लिही.

संध्याकाळी मालकांना सांगितलं. ते उठून चपला घालायला लागले. "त्याचं घर कुठाय ते सांग फक्त."

"बसा," मी म्हटलं. "तुम्ही गेलात की ते दोन गड्यांचं भांडण होईल. पोलीस तुम्हालाच नेतील आणि तो साळसूद होईल. माझं म्हणणं कुणी ऐकणारच नाही."

"मग मी काय करू? नुसता बसू?"

"उद्या मला सोडायला चला. आणि बाहेर थांबा."

ते कॉटवर बसले. जरा वेळाने म्हणाले, "तुझी पत्रं मी कुणाला वाचू दिली नाहीत कधी. बराकीतली पोरं मागायची. आता हे चार परकी माणसं वाचणार." त्यांना वाईट वाटत होतं ते मला कळलं. पण सोमवारी ते आले.

अर्जाला माझं मराठी पान वर लावलं, मुलीचं हिंदी खाली, आणि तो बोर्डावर नाव असलेल्या कमिटीच्या मॅडमच्या हातात दिला. पेटीत टाकला नाही. मॅडमनी वरवर बघितलं. "आप तो कॉन्ट्रैक्ट पे हो न? ये उधर देना पड़ेगा."

त्या असं म्हणणार हे मला माहीत होतं आणि उत्तर मी घरून पाठ करून आले होते. "मॅडमजी, बोर्ड पे लिखा है, इस जगह काम करने वाली कोई भी औरत. वो काँच मैं रोज पोंछती हूँ." वाक्य पूर्ण झालं. मॅडमनी अर्ज ठेवून घेतला. मी पोच मागितली. तेही मुलीनेच शिकवलं होतं.

तीन आठवड्यांनी बोलावलं. खोलीत मॅडम, दोन शिक्षक आणि बाहेरून आलेल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. सुपरवायझरलाही समोरच बसवलं होतं. त्याने रजिस्टरं आणली होती. ती उघडून तो म्हणाला, "सर, ये तो अनपढ़ है. दो साल से अंगूठा लगाती है, देख लो. ये अर्ज़ी किसी ने लिखवाई है मेरे ख़िलाफ़." मग त्याने तो वर्षअखेरचा कागद काढला. आमची काही तक्रार नाही, खाली माझा अंगठा.

एका शिक्षकाने विचारलं, "ये आपने लिखा है? ख़ुद?"

"हां जी."

"यहाँ लिख सकती हो?"

त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. पाच माणसं माझ्या हाताकडे बघत होती. लग्नात उखाणा घ्यायलासुद्धा मी रडले होते. मी पेन धरलं, डाव्या हाताने मनगट दाबून धरलं आणि लिहिलं. माझं नाव, मग त्या सकाळी काय झालं ते, पहिल्यापासून, जसं अर्जात होतं तसंच. अर्ध्या पानानंतर मनगट सोडलं. शेवटी सही केली.

पांढऱ्या केसांच्या बाईंनी कागद घेतला. अक्षरं त्यांच्या ओळखीची होती, भाषा नव्हती, तरी त्या हळूहळू मोठ्याने वाचत गेल्या. "स्वेटरच्या आत हात घातला" इथे आल्या आणि थांबल्या. ते त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी सुपरवायझरकडे बघितलं आणि मग मला तो छापील कागद दाखवला. "ये पढ़ा था आपने?"

"पढ़ा था."

"फिर अंगूठा क्यों दिया?"

याचं उत्तर मी पाठ केलेलं नव्हतं. "दिया नहीं जी," मी म्हटलं. "मुझसे किसी ने पूछा नहीं था. हाथ पकड़ा था."

सुपरवायझर हसला. "हाथ तो सबका पकड़ते हैं जी, लगवाने के लिए. इनको लगाना आता कहाँ है?"

साक्षीला मी पिंजौरवालीचं नाव दिलं होतं. ती येईल याची मला खात्री नव्हती. तिला दोन लेकरं, नोकरी गेली तर मागे कुणी नाही. ती आली. डब्याच्या पिशवीतून तिने ती गोल डबी काढली आणि टेबलावर ठेवली.

"ये क्या है?" मॅडमनी विचारलं.

"स्याही है जी. मेरी अपनी. रोज लगाकर जाती थी, कि ये हाथ न पकड़े." मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "अब बता, मुझे लगाना नहीं आता? कोई औरत शौक से स्याही खरीदती है क्या?"

एका शिक्षकाने डबी उघडून बघितली. मधला भाग वापरून खोलगट झाला होता.

निकालाचं पत्र इंग्रजीत आलं. मुलीने वाचलं. तक्रार खरी धरली होती. त्याला या इमारतीत ठेवू नये असं ठेकेदाराला कळवलं होतं. मालकांनी खाली जाऊन मिठाई आणली. मी मुलीला विचारलं, "या इमारतीत नाही. मग कुठे?" ते पत्रात नव्हतं. चार दिवसांनी पिंजौरवालीनेच सांगितलं, शेजारच्या पंचकुल्याकडे ठेकेदाराची दुसरी बिल्डिंग आहे, तिथे आहे तो. तिथेही स्टोअर आहे.

मी मॅडमना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "आपका काम हो गया न? वो हमारे यहाँ का मामला नहीं."

आता आमच्याकडे नवा सुपरवायझर आहे. त्याचं टेबल स्टोअरच्या बाहेर, पॅसेजमध्ये असतं. रजिस्टरला दोरीने पेन बांधलं आहे आणि मी सही करते. गेल्या आठवड्यात वर्षअखेरचा कागद पुन्हा आला. तोच मजकूर, फक्त एक नवी ओळ: या वर्षात कुणाचीही तक्रार आलेली नाही. खाली बारा नावं.

रांगेत मी सातवी होते. माझ्या पुढच्या सहाजणींनी अंगठे दिले होते. मी कागद हातात घेतला आणि मोठ्याने वाचला, जेवढा माझा आवाज जातो तेवढ्या मोठ्याने. मागच्या बायका पुढे सरकल्या. पुढच्यांपैकी एक म्हणाली, "हाय, ये लिखा है इसमें?" वयस्क बाई म्हणाली, "छोड़ न, साइन कर दे, इतना तो हो गया तेरा."

मी छापील मजकुराखाली लिहिलं: तक्रार आली होती. मी केली होती. खरी ठरली. तो माणूस आता दुसऱ्या इमारतीत आहे आणि तिथेही बायका काम करतात. खाली सही केली.

पिंजौरवाली त्या दिवशी माझ्या मागे होती, तिने खांद्यावरून वाकून बघितलं. "कौन-सी लाइन तेरी है? ये?" तिने आपली डबी काढली, स्वतःच अंगठा निळा केला आणि छापील नावापुढची जागा सोडून माझ्या ओळींखाली उमटवला. तिच्या मागच्या दोघींनी तेच केलं. उरलेल्या दोघींनी छापील जागेवर दिला. त्यांना मी काही म्हटलं नाही.

नवा सुपरवायझर वैतागला. "ये काग़ज़ तो ख़राब कर दिया. ऊपर क्या दूँगा? दूसरा छपवाना पड़ेगा."

"छपवा लो जी," मी म्हटलं. "उस पर भी यही लिखूँगी."

दुसरा कागद अजून आलेला नाही. त्या पंचकुल्याच्या इमारतीबद्दल कुणाला लिहायचं ते मुलगी शोधते आहे, जिल्ह्याची वेगळी कमिटी असते म्हणते. मी वहीची पानं काढून ठेवली आहेत.